आठ म्हणताना मी उभा होतो

४ मे, रविवार. सकाळ.

काल मी हरलो नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण आमची सगळी बुकोम वस्ती सकाळपासून उलटं बोलतेय. सहाव्या राउंडला त्या बोर्केतेचा एक उजवा ठोसा लागला. मी जरा खाली गेलो. पंच मोजायला लागला. आठ म्हणेपर्यंत मी उभा. दहा कुणी म्हटलंच नाही! तरी पंचाने हात हलवून लढत थांबवली आणि कागदावर आलं: नॉकआउट.

नॉकआउट म्हणजे दहा होईपर्यंत माणूस आडवा. उभ्या माणसाचा नॉकआउट लिहायचा म्हणजे जित्या माणसाची तिरडी बांधायची.

हनुवटी उत्तम. मला लोखंडी हनुवटी उगाच म्हणत नाहीत. डावा कान वाजतोय, पण तो पूर्वीही वाजायचा. बहुतेक.

५ मे

अता सोवा आले होते. माझे कोच. वयामुळे सगळेच त्यांना अता म्हणतात. खुर्चीवर बसायच्या आधीच वाईट बातमी दिली. लागोपाठ तीन नॉकआउट झाले की बॉक्सिंग बोर्ड लायसन्स काढून घेतं, आणि हा माझा तिसरा.

मी म्हटलं, पहिले दोन धरायचेच कशाला? लोमेला रिंग ओली होती. कुमासीला दिव्याची तिरीप डोळ्यांवर आली. अता म्हणाले, बाबा रे, तिसऱ्या वेळी तरी ठोसा लागला असं म्हण, समोरच्याला बरं वाटेल.

मी हसलो नाही. अपील करणार. उभ्या माणसाची लढत पंचाने थांबवली तर तो टेक्निकल नॉकआउट. हरलेलाच, पण बोर्ड तो या तीनांत धरत नाही. म्हणजे लायसन्स राहतं, सप्टेंबरात बोर्केतेशी परत लढत, आणि मग बघू कोण मोजतं आणि कोण झोपतं.

उद्यापासून पहाटे धावणं.

६ मे

धावलो. दीपगृहापर्यंत. तिथे जरा बसलो. माझी बायको लामिले शोधत आली, म्हणाली, दुपार झाली, इथे काय करतोयस? म्हटलं, श्वासाचा व्यायाम. बुटांचे तळ झिजलेत. नवे बूट आले की धावणं पुन्हा सुरू.

८ मे

अर्जाचा मसुदा तयार. मुद्दे जबरदस्त आहेत. एक, मी पडलोच नाही, घसरलो. दोन, ठोसा मानेच्या मागे बसला, तो नियमबाह्य. तीन, मी खाली असताना बोर्केते लांबच्या कोपऱ्यात गेला नव्हता, तेव्हा मोजणी सुरूच व्हायला नको होती. चार, मोजणी बरोबर होती आणि आठला मी उभा होतो.

लामिलेला वाचून दाखवलं. ती कोमी बांधत होती, मक्याचे गोळे कणसाच्या पानांत गुंडाळणं चालू होतं. म्हणाली, अरे, आधी ठरव तरी, पडलास की नाही. घसरलास तर ठोसा कसला, आणि ठोसा लागला तर घसरलास कसा? एक काहीतरी धर आणि त्याला चिकटून राहा.

बायकांना कायदा कळत नाही. वर म्हणते, मरो ते लायसन्स, माझ्याजवळ बस आणि कोमी बांध. हे हात! या हातांनी पाच देशांतले जबडे फोडले, ते आता पानं गुंडाळणार? रागाने जेवलो नाही. रात्री तळलेल्या मासळीशी चार कोमी खाल्ल्या, पण बोललो नाही.

१२ मे

आजपासून महिनाभर ढोल, गाणी, लाऊडस्पीकर सगळं बंद. पुजाऱ्यांनी मका पेरला, देवांना शांतता हवी. मलाही हवी होती. आठवडाभर गल्लीतून जाताना लोक दहापर्यंत मोजायचे.

आता मोजत नाहीत. मी दिसलो की आवाज न करता आडवे होतात.

१५ मे

विजय! नोर्ते न्हाव्याने त्या रात्री पहिल्या रांगेतून फोनवर सगळं टिपलंय, आणि दुकानातल्या टीव्हीवर दिवसभर लावतो. आवाज अर्थातच बंद. नाहीतर पुजाऱ्यांची माणसं येऊन टीव्ही उचलून न्यायची. मी ताठ मानेने आत गेलो आणि म्हटलं, लाव.

मी पडतो. (घसरतो.) पंचाची बोटं एकेक करून वर येतात. आठव्याला मी उभा! मग पंच मला काहीतरी सांगतो. मी त्याच्याकडे बघतही नाही. सरळ दोरांपाशी जातो, वाकतो आणि पहिल्या रांगेतल्या लामिलेशी शांतपणे बोलतो. ती माझ्या गालावर हात ठेवते. तेवढ्यात पंच हात हलवतो. अन्याय!

पडून उठल्या उठल्या जो माणूस आधी बायकोला धीर देतो, त्याचं डोकं किती ठिकाणावर असेल! नोर्ते म्हणाला, दादा, मी स्वतःच बोंबलत होतो, काही ऐकू आलं नाही. तू तिला म्हणालास तरी काय? म्हटलं, काय म्हणणार, घाबरू नकोस. शब्द नेमके आठवत नाहीत, पण माझा स्वभावच तसा आहे.

बाकीचे मुद्दे खोडले. व्हिडिओ हाच पुरावा.

१६ मे

लामिलेला सांगितलं. तिचे हात थांबले. म्हणाली, अर्ज दे, हवं तर मी येते बरोबर, पण तो व्हिडिओ देऊ नकोस. पाया पडते तुझ्या.

लाजते. चारचौघांत नवऱ्याच्या गालाला हात लावलेला बोर्ड बघणार ना. म्हटलं, नामवंत माणसाशी लग्न केलंस, एवढं सोसायला हवं.

व्हिडिओ दिला.

२४ मे

अता सोवा मला कुणाशी लढू देत नाहीत. म्हणे डॉक्टर काय म्हणतो ते बघू. नुसते बॅगेवर ठोसे मारतो. ती पूर्वीपेक्षा जोरात परत येते, भरणाऱ्याने काहीतरी घोळ केलाय.

अता म्हणाले, पोरा, हाच प्रश्न तू मला तिसऱ्यांदा विचारतोयस. म्हातारे झाले. एकदा विचारलेलं त्यांना तीनदा ऐकू येतं.

५ जून

सुनावणी. बोर्डाचे तिघे, एक डॉक्टरीणबाई, तो पंच, मी आणि लामिले. तिने बाहेरच थांबायचा हट्ट धरला होता. मीच तिला आत ओढली. म्हटलं, बघ नवरा कसा जिंकतो.

व्हिडिओ लावला, आवाज न करता. अध्यक्ष म्हणाले, आठला माणूस उभा आहे, हा नॉकआउट नव्हे, लिहिणाऱ्याची चूक. निकाल दुरुस्त: टेक्निकल नॉकआउट. मी टेबलावर मूठ आपटली. पंचाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत लावा. दारं-खिडक्या बंद करा आणि आवाज सोडा.

आधी नुसता कल्ला. मग नोर्तेची बोंब. मग पंच: हात वर कर, माझ्याकडे चालत ये. मग अगदी फोनजवळ माझा आवाज. अनोळखी बायकांशी बोलतो तसा, अदबीने.

बाई, रडू नका. तुमच्या घरचं कुणी लढतंय का?

लामिले म्हणते, हो.

मी म्हणतो, काळजी करू नका, उठेल तो.

अध्यक्ष घसा साफ करत राहिले. निकाल दुरुस्तच राहिला, त्याला धक्का नाही. लायसन्स डॉक्टरीणबाईंनी रद्द केलं. कायमचं.

६ जून

आज लामिलेला विचारलं, एवढे दिवस मला सांगितलं का नाहीस? आवाज चढला माझा. गल्लीला शांतता पाळायची आहे हेही सुचलं नाही.

ती कोमी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, सांगितलं की. त्याच रात्री सांगितलं. मग तू व्हिडिओ देऊन आलास तेव्हा. मग गेल्या रविवारी. दर वेळी तू चुकचुकलास आणि म्हणालास, बिचारा! कोण होता गं?

हे लिहून ठेवतो. तिला चौथ्यांदा सांगायला लागू नये.