चाळीसचे बारा

३ मार्च
सूनबाईला कानाच्या आतल्या भागावर संशोधन करायचंय. माणसाला ऐकू का येत नाही, तोल का जातो, ते. एका ट्रस्टकडे पैशांसाठी अर्ज करायचाय, त्यांनी दिले तरच सुरुवात. नाहीतर एकतीसला कॉलेज तिची खोली काढून घेणार. तिला रुग्णांतून सवड नाही. सही केलेला कोरा फॉर्म आणि कच्चे कागद माझ्या हातात दिले. म्हणाली, आई, अक्षर तुमचं छान, आकडे नुसते उतरवा. नुसते! तीस वर्षं घरखर्च लिहितेय मी.

४ मार्च, दुपार
काय ही उधळपट्टी! तोल तपासायची फिरती खुर्ची, अडीच लाख. आपली माळ्यावर पडलीय, तेल घातलं की झालं. खोडली. रुग्णांचं रिक्षाभाडं खोडलं. बरं व्हायचंय तर येतील चालत. आणि चाळीस रुग्ण कशाला? पहिले बारा ठेवले, पुढच्या नावांवर न वाचताच लाल रेघ. नऊ लाखांचे एक लाख दहा हजार केले. एवढं कमी मागणाऱ्याला कोण नाही म्हणेल? फॉर्म पोस्टात टाकला. सूनबाईला सरप्राइज.

९ मार्च
बाथरूममध्ये पडले. दोष चपलेचा. मुलगा म्हणतो, आई, टीव्ही शेजाऱ्यांसाठी लावतेस का? सूनबाई म्हणते, कान तपासू या. ठणकावून सांगितलं, माझे कान उत्तम आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

१७ मार्च
सूनबाईचं जेवणात लक्ष नाही. सारखी पोस्टाची वाट बघते. देवाला साकडं घातलं: पैसे मंजूर होईपर्यंत चहा बिनसाखरेचा. साखरही वाचते.

२४ मार्च
सकाळपासून खोली फिरतेय. पित्त असणार. कुकरची शिट्टी थांबेना म्हणून दोनदा गॅस बंद केला. भात कच्चा. शिट्टी चालूच.

२८ मार्च
नकार आला. एवढ्या पैशांत हे काम होणं शक्य नाही, अर्जदाराला कामाचा अंदाजच नाही, असं लिहिलंय.
अंदाज माझा होता. सगळं सांगून टाकलं, कच्चे कागदही परत दिले. सूनबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ऐकू तरी आलं असतं.

३१ मार्च
खोली गेली. खोकी घरी आली. भिंतीला धरून धरून तिच्यापर्यंत गेले, म्हटलं, पुन्हा पाठवू, पूर्ण रक्कम लिहिते, पाहिजे तर वाढवून लिहिते. म्हणाली, आई, आता पुढच्या वर्षी. आधी तुम्ही खाली बसा.
बसले. समोरच्या खोक्यात वरच कच्ची यादी, माझ्या लाल रेघेसकट. आज पहिल्यांदा वाचली.
नंबर तेरा: सासूबाई. डावा कान. तीन वर्षांपासून तोल जातो. कबूल करत नाहीत.