कपाळाच्या वरची जागा

चिंचवड, ७ नोव्हेंबर १९५४, रवि.
गाल पुन्हा मातकट. जुन्या डच चित्रातली म्हातारी. चित्रकलेच्या मास्तरांनी दिलेल्या छापील चित्रावरून तिची नक्कल करतेय. मास्तर पुण्याहून आले, बघून म्हणाले, "बाई, आधी नुसत्या तपकिरीत छाया-प्रकाश. तो थर वाळू द्या. कातडीचा रंग नंतर, अगदी पातळ. घाई कसली आहे?"
घाई आईसाठी आहे, हे त्यांना कसं सांगू. तिचा एकही फोटो नाही. त्यात थंडी आली की तिचा दमा... आणि चित्रासाठी समोर बसायला ती तयार नाही.

१२ नोव्हें.
तपकिरी थर वाळत नाही. घाण्यावरचं जवसाचं तेल रंगात कालवलं, तीच चूक. उन्हात ठेवलं तर धूळ बसली, वर एक माशी.
हे कारखान्यातून आल्या आल्या, "आज आमटीला टर्पेंटाइनची फोडणी का?" मला हसू आलं नाही.
आईला परत विचारलं. "बोडक्या बाईला कोण भिंतीवर लावतं गं?" आलवणाचा पदर पुढे ओढला, जपाला बसली.

१९ नोव्हें.
वाळलं एकदाचं. म्हातारीच्या कपाळावर पातळ थर दिला आणि खालची तपकिरी आतून उजळली! बघतच राहिले.
मागे आई उभी. म्हातारीच्या पांढऱ्या टोपीकडे बघत होती. टोपीत केस एकही दिसत नाही.
"हिचेही केस उतरवले होते का गं?"
त्यांच्याकडे टोपी घालायची रीतच असते, हे ओठांवर आलं. ब्रश पुसत राहिले.
"आणि हिला भिंतीवर लावतात?"
"मोठ्या राजवाड्यात, आई."
नंतर बराच वेळ माळ नुसती हातात. मणी पुढे सरकत नव्हते.

२१ नोव्हें., रवि.
सकाळी आपणहून खिडकीपाशी येऊन बसली. "उजेड इथनंच लागतो ना तुला?"
नवा कॅनव्हास. तपकिरीत नाक, हनुवटी, डोळ्यांखालचे खळगे. भराभर आलं, हात जणू तिला ओळखतच होता. मग तिनं पदर मागे सारला.
"केसांसकट रंगवशील? गुडघ्यापर्यंत होते माझे."
ब्रश थांबला. वडील गेले, तिचे केस उतरवले, तेव्हा मी एवढीशी. कुरळे होते की सरळ? विचारवेना. आणि आहे तशी रंगवली, तर तिला आवडेल?
कपाळाच्या वरची जागा कोरीच ठेवलीय. थर वाळेपर्यंत ठरवायला हवं.
दुपारपासून ती सारखी येतेय. लांबूनच विचारते, "वाळलं का गं?"