सीटवरच्या खडूच्या खुणा

३ तारीख, सकाळी ७
आजपासून कुणावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही.
सासऱ्यांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या दोन्ही सीट नवं चामडं चढवायला कारागिराकडे टाकल्या. एकवीसला सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. त्यानंतर डॉक्टर गाडी चालवू देणार नाहीत, म्हणून वीसला शेवटची फेरी. इंजिन तयार आहे, सीट तेवढ्या राहिल्यात. ती जबाबदारी मी आपणहून घेतली. सासरे "बघा" एवढंच म्हणाले. भारावले असावेत.

५ तारीख
दुकानावर अचानक धाड. दोन्ही कव्हरं उसवलेली. कारागिराने चहा दिला. का दिला?

६ तारीख
पकडला. उसवलेल्या प्रत्येक तुकड्यामागे खडूचे बाण आणि आकडे. ओरिजनल चामडं लांबवायचा डाव, दुसरं काय. सगळा माल उचलून घरी आणला. तो म्हणाला, साहेब, खुणा तेवढ्या सांभाळा. बघा, किती जीव अडकलाय खुणांत.
घरी येताच रुमालाने सगळ्या पुसल्या.

९ तारीख
सीट मीच करणार. शिवाय मॉडिफिकेशन : दोन इंच जादा फोम, कमरेला आधार. बायकोने विचारलं, आधी कधी काही शिवलंय का? म्हटलं, शर्टाचं बटण. ती आत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलली. लक्षात ठेवलंय.

१३ तारीख
डावीचे जुने तुकडे नव्या चामड्यावर ठेवून आखले, कापले. ही कारागीर मंडळी उगाच बाऊ करतात.

१४ तारीख
उजवीचे तुकडे आखताना सुधारणा केली. पेनाचे डाग पुढे दिसू नयेत म्हणून चामडं पालथं घालून मागून आखलं. हे त्याला सुचलं नसतं.

१६ तारीख
डावी सीट झकास. बसलो तर उठवेना.

१८ तारीख
उजवीचं कव्हर चढत नाही. दाराकडची उंच कड गिअरकडे येते. सांगाडा बदललाय कुणीतरी. कारागीरच.
दुपारी : तेच कव्हर डाव्या सीटवर चपखल बसलं. चामडं संपलं.

१९ तारीख
बायकोने कारागिराला घरी बोलावलं. फोन त्यालाच चालला होता तर. तो म्हणाला, मागून आखायचं तर जुना तुकडाही पालथा घालायचा, नाहीतर उजव्याचं डावं होतं. खडूची बाजू वर, एवढंच लक्षात ठेवायचं. खुणा कुठे गेल्या? म्हटलं, कुणीतरी पुसल्या, चौकशी चालू आहे. बायको माझ्या पांढऱ्या झालेल्या रुमालाकडे बघत राहिली.

२० तारीख, सकाळी ९
ड्रायव्हरच्या सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर सोफ्याची उशी टाकून सासरे बसले. शेजारी बसायला मी दार उघडलं. सासऱ्यांनी कारागिराला बसवलं आणि मला म्हणाले, तुम्ही गेट बघा. फार वाईट वाटलं.
वळणावर कारागीर सीटवर हात फिरवून काहीतरी म्हणाला. दोघं खो खो हसले.

११ वाजता
अजून आले नाहीत. जास्तीचं डावं कव्हर मांडीवर घेऊन गेटपाशी बसलोय. ते कशावर हसले, याबद्दल मात्र मला कसलाही संशय नाही.