दोन बोटांवर सुकाणू

प्रिय अहो,

तुमचं नाव घेऊन पत्र सुरू करायला अजूनही हात वळत नाही, तेव्हा ‘अहो’च. आज लिहायला बसले, कारण सकाळी कोलशेतच्या खाडीत मी तुमची होडी दोन बोटांनी चालवली. हो, मी! सुकाणू जराही ओढत नव्हतं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय चहा गोड लागेना.

आठवतंय, नौपाड्यातल्या आपल्या गच्चीत तुम्ही चिनी पद्धतीचं ते शीड केलंत? कापडात आडवे बांबू, ओढलं की घडी होणारं. शिवण सगळी माझी, मिरवणं सगळं तुमचं! पूजेच्या दिवशी मी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पावसात पुसलं जाईल म्हणून तुम्ही वरून लाल ऑइलपेंट फिरवलात.

होडी पाण्यात उतरली आणि तिचं नाक सारखं वाऱ्याकडे वळू लागलं. सरळ ठेवायची तर सुकाणू सगळं बळ लावून ओढून धरायचं. घरी आलात की मी तुमच्या खांद्याला बाम चोळायचे. काहीतरी करा म्हटलं, की म्हणायचात, तिचा स्वभावच आहे तो. इंजिनिअर माणसाला शोभतं का हे उत्तर?

तुम्ही गेल्यावर आपल्या मानसीनं प्रयत्न करून पाहिला. “आई, माझ्याच्यानं हे सुकाणू धरवत नाही,” म्हणाली. “कोणाला तरी देऊन टाकूया.” लेक चुकीचं बोलत नव्हती, पण होडी द्यायला माझं मन होईना. नारळी पौर्णिमेपर्यंत थांब, एवढंच म्हटलं.

मग तिनंच कुठून कुठून वाचून शोधलं. शीड फार मागे टांगलंय, त्यामुळे वारा होडीची शेपटी ढकलतो आणि नाक वळतं. आज आम्ही दोघींनी बांबू डोलकाठीशी धरून ठेवणारे दोर सैल केले, शीड वीतभर पुढे घेतलं आणि पुन्हा बांधलं. झालं! फक्त माझं स्वस्तिक डोलकाठीच्या आड गेलं.

शेजारच्या होडीतले धर्मा नाखवा बघत होते. म्हणाले, “भाऊंना मी कवाच सांगितलेलं, शीड पुढं घ्या. ते बोलले, वहिनींचं स्वस्तिक झाकतं, राहू दे.”

अहो, काय म्हणावं तुम्हाला! इतकी वर्षं खांदा दुखवून घेतलात आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? मी दुसरं काढून दिलं असतं की! रागवायला गेले, तर हसूच आलं, आणि डोळेही भरले. आई काय झालं गं, म्हणून मानसी विचारत राहिली.

होडी आता कोणालाच द्यायची नाही. मानसी सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीहून यायची म्हणते आहे. मी पोहे घेऊन जाणार.

नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडू, तेव्हा शिडाच्या मधोमध नवं स्वस्तिक काढेन. हिनं आता कुंकवाला हात लावावा का, असं कोणी विचारलं तर खुशाल विचारू दे. कुंकू माझ्याच हातचं असेल. वरून ऑइलपेंट मानसी फिरवेल.

तुमचीच,
सुलभा