चिमणीच्या वाट्याचं

रविवार, ९ मार्च

प्रिय चिमणे,

तुम्ही सगळी बरी असालच. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. जिना चढायची घाई करू नकोस म्हणावं तिला. इथे मी ठीक, दुकानही ठीक. परीक्षा जवळ आल्या की पोरांना अचानक फळा दिसेनासा होतो, त्यामुळे चष्म्यांना गर्दी आहे. आई दोन वेळा जेवते. झटक्यानंतर लुळ्या पडलेल्या डाव्या हाताची बोटं आता थोडी मिटायला लागली आहेत.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझा आवाज असा का येतोय?" समोर गिऱ्हाईक आहे, असं मी म्हणाले. गिऱ्हाईक नव्हतं. पण फोनवर मी काही सांगायला गेले की तू मध्येच समजवायला लागतेस, म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवतेय.

तुझा लांबलचक मेल वाचला. मेंदूच्या एका भागाला रक्त पोचलं नाही की ओळखीचे चेहरे ओळखू येत नाहीत, मनातलं आवरून धरणारी जागा दुखावली की माणूस वाटेल ते बोलतो, म्हणून मी मनाला लावून घेऊ नये, असं तुझं म्हणणं. तू वर्गात हेच शिकवतेस ना, की माणसाचं वागणं शेवटी मेंदू, ग्रंथी आणि आईबापांकडून आलेलं बीज? असेल बाई. मग एक सांग. आपण जुळ्या, एकाच बीजाच्या. नाक एक, अर्धशिशी एक, मांजर दिसलं की शिंका दोघींना. मग माझ्या पोटात जे दुखतं ते तुझ्या का दुखत नाही? की दुखतं, आणि तू बोलत नाहीस?

रागावू नकोस. तुला मावशीकडे दिलं तेव्हा आपण जेमतेम चालायला लागलो होतो. तू या घरात राहिलेली मला आठवतच नाही. पण तू घरातून गेलीच नव्हतीस. मला नवा फ्रॉक शिवला की आई म्हणायची, "चिमणीला हा रंग किती खुलला असता!" अगं, तेच तोंड तिच्यासमोर उभं होतं की! सुट्टीत तू यायचीस तेव्हा ती सकाळपासून फाटकात. मी रोज शाळेतून यायचे, तेव्हा फाटकात चिटपाखरू नसायचं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आताही अंग पुसणं, चादरी, औषधं माझ्याकडे, आणि शेजारच्या काकू म्हणतात, "चिमणी किती करते हो, रोज फोन करून चौकशी!"

आता जे फोनवर सांगितलं नाही ते. आई मला ओळखत नाही, एवढंच तुला माहीत आहे. ती मला चिमणी समजते.

दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी म्हणाली, "चिमणे, कधी आलीस गं?" जिला आपण पाठमोऱ्यासुद्धा वेगळ्या कळायच्या, तिने! मी म्हणाले, "आई, मी थोरली." ती घाबरली, चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. दुसऱ्या वेळीही तेच. त्यानंतर मी सांगणं सोडून दिलं.

आणि मग काय सांगू तुला! माझा हात गालाशी धरून बसते. केसांतून बोटं फिरवते. पन्नाशी उलटलेल्या मला आपल्या ताटातला घास भरवते. मी दुपारी दुकान मदतनिसावर टाकून धावत घरी यायला लागले. तू येते म्हणालीस तेव्हा मी म्हणाले, डॉक्टरांनी माणसं नकोत म्हटलंय. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

गुरुवारी तिने मला जवळ बोलावलं.

"दार लावून घे. थोरली ऐकेल."

मी दार लावलं.

"द्यायचं थोरलीला ठरलं होतं," आई म्हणाली. "माझ्या बहिणीने तिलाच उचललं होतं. पण दारातून ती माझ्याकडे बघून असं रडली की माझ्याने सोडवेना. तू झोपली होतीस. रडली नाहीस, म्हणून तुला दिलं. मला माफ केलंस का गं?"

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. तिने मला ठेवून घेतलं होतं, मला! पण तिच्या डोळ्यांतलं पाणी तुझ्यासाठी होतं, आणि ते बघून माझा पुन्हा जळफळाट झालाच.

तिने पुन्हा विचारलं. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. चिमणी म्हणून तिचे लाड घेतले, घास घेतले, पण हे मला घेता येईना. मी म्हणाले, "पाणी देऊ?"

तेव्हापासून ती रोज विचारते.

शुक्रवारी मी डॉक्टरांना गाठलं. हे खरं असेल, की आजार बोलतोय? त्यांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून एक फिकट डाग दाखवला. म्हणाले, "आवर का सुटला ते यात दिसतं. बोलल्या ते खरं की नाही, ते यात दिसत नाही."

म्हणून काल मावशीला फोन केला. तिने आधी आईचं जेवणखाण विचारलं. मग म्हणाली, "झोपलेली होती, खरं आहे. पण वाटेत जागी झाली आणि घर येईपर्यंत रडत होती. तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही."

चिमणे, ये. पहिल्या गाडीने ये. माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर केलं असतं की नाही, कोण जाणे. खोलीचं दार मी उघडेन. तू आत गेल्यावर मला बाहेर थांबणं कितपत जमेल ते मात्र सांगता येत नाही. थांबले तरी जळत थांबेन, एवढं धरून चल.

आई तुझ्या उत्तराची वाट बघतेय.

रडली म्हणून राहिलेली,
तुझी थोरली