दुसऱ्याच्या चित्रातली रेघ

१० ऑगस्ट

ती. स्व. मामास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

मी कलोपचाराच्या, म्हणजे चित्रं-मातीकामातून उपचार करण्याच्या, पदवीला गेल्यापासून बाबा विचारणाऱ्यांना ‘डॉक्टरकीसारखंच काहीतरी’ असं सांगून वेळ मारून नेतात. आता दुसऱ्या वर्षाला खरंच दवाखान्यात पाठवलंय. लकव्यातून उठलेल्यांच्या वॉर्डाला लागून आमची खोली आहे. लांब टेबल, रंगांचे डबे, ओल्या मातीची बादली. मला इतकं आवडतंय की गजराआधीच जाग येते.

माझ्या वाट्याला एक बसचालक काका आलेत. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलंय. त्यांनी डाव्या हातानं हवं ते काढायचं आणि मी सोबत बसायचं, एवढंच काम. पहिल्याच दिवशी त्यांनी घर काढलं आणि मी हरखून गेले.

आणि तिथेच माती खाल्ली. छपराची रेघ तिरकी गेली होती. तुझ्या पाट्या रंगवायच्या दुकानात रेघा आखत मी मोठी झाले, त्यामुळे हात कधी पुढे गेला कळलंच नाही. मी ती सरळ करून टाकली. काकांनी पेन्सिल ठेवली आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. तेव्हापासून रोज येतात, पण कागदाला शिवत नाहीत. आमच्या बाई म्हणाल्या, चित्र त्यांचं होतं, ते तू काढून घेतलंस. महिनाअखेरपर्यंत त्यांनी पेन्सिल धरली नाही तर त्यांना दुसऱ्या मुलीकडे देणार आहेत. मामा, मला त्यांना दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायचं नाहीये. काहीतरी सुचव.

मामीला नमस्कार. रागावला नसशील तर लवकर लिही.

तुझी,
भिंगरी


१७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसलो. मामीनं डोळे वटारले म्हणून थांबलो. ही खोड माझीच तुला लागली. परवा बँकेत गेलो तर तिथली कलती पाटी सरळ करून आलो, शिपाई बघतच राहिला.

तुझं शास्त्र मला कळत नाही. पण रात्रीच्या जेवणाआधी डाव्या हातात ब्रश धरून ‘येथे पाट्या रंगवून मिळतील’ लिहायला घेतलं. ‘येथे’लाच घाम फुटला. हात आपला आणि ऐकत नाही, याची अशी चीड येते म्हणून सांगू. मामी मागून डोकावली तेव्हा मी फळी पालथी घातली. त्या गृहस्थांचं काय होत असेल, पोरी. तूही एकदा करून बघ. त्यांची मनधरणी करू नकोस, आपलं आपण काढत बस. आणि तोंड पाडून फिरू नकोस, ते तुला शोभत नाही.

जेवणखाण वेळेवर ठेव आणि आमच्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
मामा


२९ ऑगस्ट

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

घाईघाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. आठवडाभर काकांपासून दोन खुर्च्या सोडून डाव्या हातानं बस काढत बसले. चाकं बटाट्यासारखी आली. पहिल्या दिवशी तर मी रडकुंडीला आले आणि तेव्हा कुठे कळलं मी त्यांचं काय केलं होतं.

काल काकांनी खुर्ची वळवली. माझा कागद ओढून घेतला, बराच वेळ पाहिला आणि खुणेनं पेन्सिल मागितली. बसमध्ये चालकाची जागा रिकामी होती. तिथे त्यांनी माणूस काढला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हात इतके वेडेवाकडे होते की माझी बोटं शिवशिवली. मी ती मांडीखाली दाबून धरली. काकांनी ते पाहिलं आणि हसले, चांगला आवाज करून हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला जराही लाज वाटली नाही.

बाईंना कालचं ठाऊक नव्हतं. आज त्या दुसऱ्या मुलीची ओळख करून द्यायला तिला घेऊन दारात आल्या, तेव्हा काकांनी डाव्या हातानं माझी बाही धरली. बाई त्या मुलीला घेऊन परत जाईपर्यंत सोडली नाही.

मामीला नमस्कार. तुम्हा दोघांची माया अशीच राहो, एवढंच मागणं.

तुझी,
भिंगरी