आधी तुम्हाला तपासू

उचगाव, १२ मार्च १९५४

डॉक्टरसाहेबांस पिराजीचा रामराम.

हे पत्र बहुधा माझ्या पेटीतच राहील. असले शब्द टपालात टाकायला हात धजत नाही.

आठ वर्षांत मूल नाही, म्हणून आई दुसरी सून आणणार होती. मुरगूडची मुलगी ठरलीही होती. शेवटचा उपाय म्हणून बायकोला, बनाबाईला, तुमच्याकडं आणलं, तर तुम्ही म्हणालात, "आधी तुम्हाला तपासू." मी तालमीतला गडी, भडकलोच. "मला काय धाड भरलीया?"

तुम्ही रागावला नाहीत. दोनदा तपासलंत. माझ्या वीर्यात एकही शुक्रजंतू नव्हता. चित्र काढून सांगितलंत, की ते दोन्ही वृषणांत तयार होतात, आणि सतराव्या वर्षी गालगुंड झालं तेव्हा तिथं सूज येऊन ती जागा निकामी झाली. "ताकद तशीच राहते पिराजी, फक्त बीज नसतं. यात दोष कुणाचाच नाही."

परतताना बैलगाडीत बनाबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाईंस्नी सांगू नगासा. मी सोसते की." आठ वर्षं वांझ म्हणवून घेतलेली बाई माझी अब्रू झाकायला निघाली होती. मला लाज वाटली. घरी पोचताच आईला म्हणालो, "खोट माझ्यात हाय. दुसरी बायकू न्हाय आणायची."

आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. काल शेजारच्या बारशाला बायकांनी बनाबाईला पाळण्यापासून लांब बसवलं, तेव्हा आईच उठली. बनाबाईचा हात धरून तिला पुढं नेलं, पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी सून धडधाकट हाय."

आपला ऋणी,
पिराजी